धमनीचे तोंड उघडे का राहते?

शवविच्छेदनाच्या टेबलावर मांडीच्या वरच्या भागातील धमनी आणि शीर शेजारीशेजारी कापलेली मी पहिल्यांदा पाहिली, तो प्रसंग मला आजही लख्ख आठवतो. जांघेत बाहेरून आत येताना आधी मज्जातंतू, मग धमनी आणि मग शीर असा क्रम लागतो. धमनी आणि शीर तर एकाच आवरणात एकमेकींना खेटून असतात. कापल्यानंतर धमनीचे तोंड गोल आणि उघडे राहिले, रबरी नळीच्या टोकासारखे. तिच्या शेजारची शीर मात्र ओल्या फडक्यासारखी चपटी होऊन मिटून गेली. चिमटीत धरल्यावर फरक आणखी स्पष्ट झाला. धमनीची भिंत जाड आणि चिवट होती, दाबून सोडली की ती पुन्हा गोल होत होती. शिरेची भिंत इतकी पातळ होती की तिच्यातून मागच्या बोटाची हालचाल जाणवत होती. पायाकडे जाणारे रक्त एकीतून जाते आणि तेच रक्त दुसरीतून परत येते. दर मिनिटाला जितके जाते, जवळजवळ तितकेच परतते. मग दोघींच्या भिंतींत एवढे अंतर का पडावे? शरीरक्रियाशास्त्र शिकवताना रक्तवाहिन्यांच्या पाठाची माझी सुरुवात गेली कित्येक वर्षे याच प्रश्नाने होते, कारण माझ्या मते या विषयातील बहुतेक सगळे काही या एका प्रश्नाच्या उत्तरात दडलेले आहे.

आपल्या रोजच्या बोलण्यात हा भेद राहिलेला नाही. 'नस' हा शब्द आपण रक्तवाहिनीला वापरतो, मज्जातंतूला वापरतो आणि पायात गोळा आला तरी 'शीर आखडली' असे म्हणून मोकळे होतो. त्यात गैर काही नाही. पण त्यामुळे एक समज मनात घट्ट बसतो की शरीरभर सारख्याच नळ्या पसरल्या आहेत आणि हृदय नावाचा पंप त्यांतून रक्त ढकलतो आहे. 'वाहिनी' हा शास्त्रीय शब्दसुद्धा याच समजाला खतपाणी घालतो. प्रत्यक्षात रक्तवाहिनीची भिंत जिवंत आहे. तिच्यावर किती दाब येतो, तिच्यातून रक्त किती वेगाने घासत जाते, हे तिला कळते आणि त्याप्रमाणे ती स्वतःला घडवत राहते. हे एकदा लक्षात आले की पुढची रचना पाठ करावी लागत नाही.

धमन्या आणि शिरा यांना जोडणाऱ्या अतिशय बारीक केशवाहिन्या सोडल्या तर बहुतेक रक्तवाहिन्यांच्या भिंतीत तीन थर असतात. सर्वांत आतला अंतःस्तर. त्याच्या रक्ताकडील बाजूला चपट्या पेशींचे एकच पदर जाडीचे अस्तर असते. मधला मध्यस्तर हा अनैच्छिक स्नायूपेशी आणि लवचीक तंतू यांचा. बाहेरचा बाह्यस्तर मुख्यतः कोलॅजेनचा, म्हणजे दोरखंडासारख्या मजबूत तंतूंचा. तो वाहिनीला जागेवर धरून ठेवतो आणि तिला प्रमाणाबाहेर ताणू देत नाही. मोठ्या वाहिन्यांच्या भिंती इतक्या जाड असतात की आतून वाहणाऱ्या रक्तातील प्राणवायू त्यांच्या बाहेरच्या थरांपर्यंत पुरेसा झिरपत नाही; म्हणून त्या भिंतींना स्वतःच्या अशा बारीक रक्तवाहिन्या असतात. रक्तवाहिनीला जगण्यासाठी रक्तवाहिनी लागते, ही गोष्ट नळीच्या कल्पनेत बसत नाही. धमनीत मध्यस्तर भरदार असतो आणि शिरेत तो तोळामासा असतो; टेबलावर दिसलेल्या फरकाचे मूळ या थरात आहे.

महाधमनीपासून सुरुवात करू. हृदयाच्या डाव्या कप्प्यातून ती निघते तेथे तिचा व्यास सुमारे अडीच सेंटीमीटर असतो. विश्रांतीत हृदय प्रत्येक ठोक्याला साधारण ७० मिलिलीटर रक्त तिच्यात लोटते, आणि हे काम सेकंदाच्या सुमारे एक तृतीयांश वेळात उरकते. उरलेल्या वेळात हृदय सैलावून पुन्हा भरत असते आणि त्या काळात डाव्या कप्प्यातील दाब जवळजवळ शून्यावर येतो. भिंती काचेसारख्या कडक असत्या, तर धमन्यांतील प्रवाह दर ठोक्यागणिक उसळला असता आणि मध्येच थांबला असता. तसे होत नाही, कारण महाधमनीच्या मध्यस्तरात इलॅस्टिन या लवचीक प्रथिनाचे पत्रे एकाआड एक रचलेले असतात. रक्ताचा लोंढा आला की महाधमनी फुगते आणि त्या लोंढ्यातील बरेचसे रक्त स्वतःत सामावून घेते. हृदय विसावले की ती आकसते आणि तेच रक्त पुढे ढकलते. रक्तदाब मोजताना आपण १२०/८० असे दोन आकडे सांगतो, त्यातील खालचा ८० हा आकडा हृदय शांत असताना महाधमनी आणि तिच्या मोठ्या शाखांनी धरून ठेवलेला दाब असतो. पारा १०० मिलिमीटर उचलून धरणारा दाब रक्ताचा स्तंभ सुमारे १.३ मीटर उंच धरू शकतो. स्टीफन हेल्स या इंग्रज धर्मोपदेशकाने घोडीच्या मांडीच्या धमनीला लांब काचेची नळी जोडून हे प्रत्यक्ष पाहिले होते. तिच्यात रक्त ८ फुटांहून वर चढले, असे त्याने १७३३ साली प्रसिद्ध केले. एवढा दाब सतत पेलणाऱ्या भिंतीला पातळ राहून चालणारच नाही.

या इलॅस्टिनबद्दल एक गोष्ट मला नेहमी थोडी अस्वस्थ करते. ते मुख्यतः जन्माच्या आधी आणि बालपणात तयार होते. पुढे शरीर ते फारसे नव्याने घालत नाही. मिनिटाला ७० ठोके धरले तर वर्षाला ३ कोटी ६७ लाखांहून अधिक वेळा महाधमनी ताणली जाते आणि आकसते, आणि हे काम लहानपणी मिळालेल्या त्याच पत्र्यांनी आयुष्यभर निभवायचे असते. वयाबरोबर ते तुटत जातात, भार कोलॅजेनवर येतो आणि भिंत ताठ होते. म्हणून म्हातारपणी रक्तदाबाचा वरचा आकडा चढलेला आणि खालचा उतरलेला आढळतो: फुगून लोंढा सामावून घेणे आणि आकसून दाब धरून ठेवणे ही दोन्ही कामे ताठ भिंतीला तितकीशी जमत नाहीत.

मनगटावर नाडी पाहताना बोटाला जो ठोका लागतो, तो त्या क्षणी हृदयातून निघालेल्या रक्ताचा नसतो, हेही येथेच सांगितले पाहिजे. महाधमनी फुगली की तो ताण धमन्यांच्या भिंतींतून लाटेसारखा पुढे सरकतो. या लाटेचा वेग सेकंदाला काही मीटर असतो. रक्त स्वतः त्या मानाने फार सावकाश चालते. बोटाखाली आपण भिंतीवरून धावणारी लाट मोजतो. भिंत जितकी ताठ तितकी लाट वेगवान, आणि म्हणूनच धमन्या किती ताठरल्या आहेत हे पाहण्यासाठी हा वेग मोजतात.

महाधमनीच्या शाखा फुटत फुटत बारीक होत जातात तसतसे मध्यस्तरातील इलॅस्टिन कमी होते आणि स्नायूपेशींचा वाटा वाढतो. सूक्ष्म धमन्यांपर्यंत पोचेतो आतील पोकळी मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाहूनही लहान होते आणि भिंतीत स्नायूपेशींचे एक-दोनच पदर उरतात. दिसायला या वाहिन्या क्षुल्लक आहेत. पण कोणत्या अवयवाला किती रक्त मिळणार याचा निर्णय त्यांच्या हाती असतो. रक्तप्रवाहाला होणारा अडथळा वाहिनीच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताशी व्यस्त प्रमाणात बदलतो. एकोणिसाव्या शतकात प्वासॉय या फ्रेंच वैद्याने बारीक काचनळ्यांवर प्रयोग करून हे दाखवले. त्रिज्या निम्मी झाली की अडथळा सोळापट होतो, आणि त्रिज्या फक्त एकोणीस टक्क्यांनी वाढली तरी तेवढ्याच दाबाला प्रवाह दुप्पट होतो. सूक्ष्म धमनीच्या स्नायूपेशी किंचित सैलावल्या तरी त्या भागात रक्ताची रेलचेल होते. जोरात धावताना पायांच्या स्नायूंकडे जाणारे रक्त कित्येक पटींनी वाढते आणि पचनसंस्थेकडे जाणारे कमी होते. मेंदूला मात्र मिनिटाला सुमारे पाऊण लिटर रक्त बऱ्यापैकी स्थिरपणे मिळत राहते. हृदय अधिक जोराने काम करते हे खरे, पण वाटणी कशी करायची हे सूक्ष्म धमन्या ठरवतात. मज्जासंस्थेचे संदेश, मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीचे स्राव आणि काम करणाऱ्या स्नायूंतून निघणारी रसायने, यांकडे त्यांचे सतत लक्ष असते.

या सैलावण्यामागे आतल्या अस्तराचा हात आहे, हे फार उशिरा समजले. कितीतरी काळ त्या एकपदरी पेशींकडे रक्त आणि भिंत यांच्यामधला निव्वळ पडदा म्हणून पाहिले जात होते. अमेरिकेतील रॉबर्ट फर्चगॉट सशाच्या महाधमनीचे तुकडे ताणून लावत आणि वेगवेगळ्या औषधांनी ते आकसतात की सैलावतात हे पाहत. ॲसिटिलकोलीन या रसायनाने जिवंत प्राण्यात रक्तवाहिन्या सैलावतात, पण त्यांच्या तुकड्यांत तसे काही दिसत नव्हते. मग एकदा तुकडे हळुवारपणे, आतली बाजू न घासता तयार झाले आणि ते चक्क सैलावले. आतली बाजू मुद्दाम घासून काढली की हा गुण पुन्हा नाहीसा होई. म्हणजे स्नायूला सैलावण्याचा निरोप अस्तराच्या पेशी देत होत्या. हे काम १९८० साली प्रसिद्ध झाले. तो निरोप नायट्रिक ऑक्साइड या साध्या, काही क्षणच टिकणाऱ्या वायूचा आहे हे पुढे कळले, आणि फर्चगॉट, इग्नारो व मुराद या तिघांना १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हृदयशूळावर जिभेखाली ठेवायची नायट्रोग्लिसरीनची गोळी त्याआधी शंभराहून अधिक वर्षे वापरात होती. ती काम कशी करते, याचा उलगडा या शोधाने झाला. प्रयोगातील तुकडे कसे हाताळले जातात, एवढ्या बारीकशा गोष्टीपाशी इतके मोठे उत्तर थांबलेले असावे, याचे मला दर वेळी नवल वाटते.

अस्तराच्या पेशींना प्रवाहाची दिशाही कळते. सरळ धमनीत त्या प्रवाहाच्या दिशेने लांबट होऊन शिस्तीत लागलेल्या असतात. फाट्यांवर आणि वळणांवर, जिथे रक्त भोवऱ्यासारखे फिरते किंवा मागेपुढे हेलकावते, तिथे त्यांचा आकार आणि रांगा बिघडलेल्या दिसतात. धमन्यांत चरबीचे थर साचण्याची सुरुवात प्रामुख्याने अशाच जागी होते. कोलेस्टेरॉल संपूर्ण रक्तात सारखेच फिरत असते, तरी रोग फाटे आणि वळणे निवडतो, याचे कारण भिंतीच्या वागण्यात आहे. येथे नळीची उपमा सगळ्यात जास्त फसवते. नळाच्या पाइपात क्षार जमतात तशी चरबी आतून चिकटत जाते आणि वाट बुजते, असे चित्र बहुतेकांच्या मनात असते. वास्तविक चरबी अस्तराच्या खाली, भिंतीच्या आत शिरते. तिला गिळण्यासाठी पांढऱ्या पेशी येतात, दाह सुरू होतो, स्नायूपेशी तिच्यावर तंतूंचे झाकण घालतात. सुरुवातीला भिंत बाहेरच्या बाजूला फुगते आणि आतील वाट बरीच मोकळी राहते. म्हणून मोठी आग भिंतीत धुमसत असतानाही धावताना दम लागत नाही की छातीत दुखत नाही. एखाद्या दिवशी ते झाकण फाटते, आतला माल रक्ताच्या संपर्कात येतो, त्यावर काही मिनिटांत गुठळी जमते आणि हृदयविकाराचा झटका येतो. 'परवापर्यंत ठणठणीत होते' असे जे म्हटले जाते, त्यात खोटे काही नसते.

आता केशवाहिन्यांकडे. इ.स. १६२८ मध्ये विल्यम हार्वे या इंग्रज वैद्याने रक्त शरीरात गोल फिरते हे सिद्ध केले, तेव्हा त्याचा आधार साधा हिशेब होता: हृदय दर ठोक्याला अगदी थोडे रक्त टाकते असे धरले तरी अर्ध्या तासात ते शरीरातील एकूण रक्तापेक्षा जास्त भरते. अन्नापासून यकृतात रक्त सतत नव्याने तयार होते आणि अवयवांत जिरते, हे प्राचीन ग्रीक वैद्य गेलेनपासून चालत आलेले मत या हिशेबापुढे टिकेना. तेवढे रक्त रोज बनणार कोठून? मात्र धमन्यांतून शिरांत रक्त जाते कसे, हे हार्वेला दाखवता आले नाही. तो १६५७ साली वारला, आणि १६६१ मध्ये मार्चेल्लो माल्पीगीने बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली तो दुवा पाहिला. तर्काने मांडलेली आणि डोळ्यांना न दिसलेली वाट पुढच्या पिढीने जशीच्या तशी शोधून काढावी, याहून सुंदर गोष्ट विज्ञानाच्या इतिहासात मला तरी दुसरी सापडलेली नाही.

केशवाहिनीत वरचे सगळे थर गळून पडलेले असतात. उरते ते फक्त अस्तर: एक पेशीची गुंडाळी आणि तिच्याभोवती एक पातळ पटल. व्यास पाच ते दहा मायक्रोमीटर. तांबड्या पेशीचा व्यास सात-आठ मायक्रोमीटर असल्याने तिला बऱ्याचदा दुमडून, एकामागे एक अशा रांगेतच पुढे सरकावे लागते. प्रत्येक वाहिनी इतकी अरुंद असूनही रक्ताचा वेग येथे सर्वांत कमी असतो, हे विद्यार्थ्यांना पटकन पटत नाही. कारण असे की केशवाहिन्यांची संख्या अफाट आहे. सगळ्यांचे छेद एकत्र केले तर ते महाधमनीच्या छेदाच्या शेकडो पटींनी भरतात, आणि पात्र रुंद झाले की नदी संथ होते. महाधमनीत सेकंदाला सरासरी वीसेक सेंटीमीटर धावणारे रक्त येथे सेकंदाला मिलिमीटरभरही सरकत नाही. प्राणवायू देणे, कार्बन डायऑक्साइड घेणे, साखर आणि क्षार यांची देवघेव, हे सगळे या सेकंदाभराच्या संथ वाटेवर उरकते. बाकी साऱ्या रक्तवाहिन्या या वाटेपर्यंत रक्त आणण्यासाठी आणि येथून नेण्यासाठी आहेत.

रक्तवाहिन्यांची एकूण लांबी एक लाख किलोमीटर भरते, हा आकडा सगळीकडे सांगितला जातो. त्याचे मूळ डेन्मार्कच्या ऑगस्ट क्रोग यांच्या अंदाजात आहे. स्नायूंतील केशवाहिन्यांवरील कामासाठी त्यांना १९२० चे नोबेल मिळाले होते. पण हा विशिष्ट अंदाज त्यांनी एका फार धिप्पाड, स्नायूंनी भरलेल्या माणसासाठी बांधला होता. अलीकडे नव्या मोजमापांवरून केलेला हिशेब नऊ ते एकोणीस हजार किलोमीटरपर्यंतच पोचतो. मी स्वतः अनेक वर्षे वर्गात लाखाचाच आकडा सांगत आलो, म्हणून ही दुरुस्ती येथे मुद्दाम नोंदवतो.

केशवाहिन्यांची भिंत सगळीकडे सारखी नसते. मेंदूत तिच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट शिवलेल्या असतात की प्राणवायूसारखे वायू आणि चरबीत विरघळणारे पदार्थ सोडले तर बाकीच्यांना खास दारातूनच प्रवेश मिळतो. ग्लुकोजसाठीही वेगळा वाहक ठेवलेला आहे. मूत्रपिंडात त्याच पेशींना बारीक झरोके असतात, आणि यकृतात व अस्थिमज्जेत तर मोठाली भगदाडे, कारण तेथे प्रथिनांना आणि संपूर्ण पेशींनाही ये-जा करायची असते. काम बदलले की भिंत बदलते. डोळ्याच्या पारदर्शक पटलात रक्तवाहिन्या जवळजवळ नाहीतच. त्या असत्या तर प्रकाशाला वाट मिळाली नसती. ते पटल आपला प्राणवायू अश्रूंच्या थरातून थेट हवेकडून घेते.

एवढ्या पातळ भिंतीतून पाणी झिरपणारच. रक्ताचा दाब ते बाहेर ढकलतो आणि रक्तातील प्रथिने, मुख्यतः अल्ब्युमिन, ते आत धरून ठेवतात. या रस्सीखेचीचे गणित अर्नेस्ट स्टार्लिंगने १८९६ साली मांडले. पुढच्या संशोधनाने त्यात एक महत्त्वाची दुरुस्ती केली: झिरपलेले बहुतेक पाणी केशवाहिनीच्या दुसऱ्या टोकाला परत शिरते असे पूर्वी शिकवत, आता दिसते की बहुतेक ऊतींत ते लसिकावाहिन्यांमार्फत, म्हणजे झिरपलेला द्रव गोळा करून रक्तात परत सोडणाऱ्या वेगळ्या वाहिन्यांमार्फत परतते. यकृताच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारात अल्ब्युमिन घटले की पाय सुजतात आणि बोटाने दाबल्यावर खळगा तसाच राहतो, तो या गणिताचा त्वचेवर उमटलेला पुरावा.

शिरांच्या वाट्याला हृदयाचा दाब फारसा उरत नाही. केशवाहिन्या ओलांडेपर्यंत तो बराचसा खर्ची पडलेला असतो. म्हणूनच शिरेला जाड भिंत लागत नाही, आणि म्हणूनच टेबलावर ती मिटून गेली होती. पण पातळ भिंतीचा एक लाभ आहे: शीर सहज रुंदावते. कोणत्याही क्षणी शरीरातील सुमारे दोन तृतीयांश रक्त शिरांत असते. रक्तस्राव झाला की शिरा आकसतात आणि हा साठा हृदयाकडे वळवतात. त्यामुळे काही प्रमाणात रक्त गेले तरी रक्तदाब काही काळ तग धरतो.

उरलेल्या थोड्या दाबावर पायातील रक्ताने हृदयापर्यंत चढायचे कसे, याचे उत्तर स्वतःच्या हातावर पाहता येते. हात खाली सोडला की पंजाच्या मागच्या शिरा फुगतात. त्यांपैकी एका सरळ शिरेवर बोटांच्या बाजूला एक बोट घट्ट दाबून ठेवावे आणि दुसऱ्या बोटाने तेथून मनगटाकडे शीर निपटत न्यावी. आता दुसरे बोट उचलले तरी मधला भाग रिकामाच राहतो. वरचे रक्त एका बिंदूपर्यंत येते आणि थांबते. त्या बिंदूशी झडप आहे. पहिले बोट उचलताच शीर खालून झपकन भरते. हार्वेने आपल्या पुस्तकात हाच प्रयोग चित्रांसह दिला आहे. या झडपांचे तपशीलवार वर्णन त्याचे पादुआ येथील गुरू फाब्रिचियस यांनी १६०३ मध्ये केले होते. पण झडपा रक्ताची खाली येणारी गती रोखण्यासाठी आहेत, असे त्यांना वाटले. चित्र तेच होते, त्याचा अर्थ शिष्याने लावला.

झडपा रक्ताला मागे येऊ देत नाहीत. वर ढकलण्याचे काम पोटऱ्यांचे स्नायू करतात. निश्चल उभे राहिल्यावर पायाच्या घोट्याजवळच्या शिरेत रक्ताच्या उंच स्तंभाचा भार येऊन दाब पाऱ्याच्या ९० मिलिमीटरच्या आसपास जातो. चालू लागताच प्रत्येक पावलाला पोटरी आकसून शिरा पिळते आणि तो दाब झपाट्याने उतरतो. तासन्‌तास न हलता उभे राहणारा माणूस चक्कर येऊन पडतो तो याच कारणाने: रक्त पायांत साठते आणि मेंदूला कमी पडते. झडपा सैल पडल्या की शिरा लांबतात, वळणे घेतात, त्वचेखाली निळसर गाठी दिसू लागतात. त्यांना व्हेरिकोज व्हेन्स म्हणतात. तो निळेपणा त्वचेत प्रकाश कसा विखुरतो यामुळे दिसतो. शिरेतील रक्त गडद लालच असते. फार वेळ पाय न हलवता राहिल्यास खोल शिरांत गुठळी होऊ शकते, आणि ती सुटली तर पुढची वाट रुंद रुंद होत जाते. अरुंद जागा तिला थेट फुप्फुसात भेटते. म्हणून शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला लवकर चालते करण्याचा आग्रह धरतात, आणि तो आग्रह रुग्णाला जाच वाटला तरी धरलाच पाहिजे.

धमनीत शुद्ध रक्त आणि शिरेत अशुद्ध, ही शाळेतील व्याख्या मात्र सोडून द्यावी. हृदयातून निघते ती धमनी आणि हृदयाकडे येते ती शीर. फुप्फुसधमनीत प्राणवायू कमी असलेले रक्त असते, आणि गर्भाच्या नाळेतील शिरेत प्राणवायूने भरलेले. फुप्फुसधमनीची भिंत महाधमनीपेक्षा बरीच पातळ असते. जन्माआधी दोघी जवळजवळ सारख्या जाडीच्या असतात, आणि जन्मानंतर फुप्फुसांतील दाब उतरला की एक पातळ होत जाते. आतले रक्त कसे आहे याच्याशी जाडीचा संबंध नाही, दाबाशी आहे.

याची खरी परीक्षा शीर धमनीच्या जागी बसवली की होते. हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेत पायातील लांब शीर काढून ती हृदयधमनीच्या अडलेल्या भागाला वळसा घालून जोडतात. रेने फाव्हालोरो या शल्यविशारदाने १९६७ मध्ये ही पद्धत रूढ केली. झडपा आड येऊ नयेत म्हणून शीर उलटी करून लावतात. धमनीचा दाब लागताच काही आठवड्यांत तिच्या भिंतीत स्नायूपेशी वाढू लागतात, अंतःस्तर जाड होतो. जगण्यासाठी केलेला हा बदल पुढे तिच्याच अंगाशी येतो. दहा वर्षांनी अशा जोडण्यांपैकी बऱ्याच अरुंद किंवा बंद झालेल्या आढळतात. छातीच्या आतल्या बाजूची धमनी वापरली तर ती जोडणी कितीतरी जास्त टिकते, कारण तो दाब तिला जन्मापासून सवयीचा असतो.

माझ्या एका जवळच्या नातलगाची मूत्रपिंडे निकामी झाली, तेव्हा डायलिसिससाठी मनगटाजवळ धमनी आणि शीर एकमेकींना जोडण्यात आल्या. १९६६ पासून रूढ झालेली ही रचना फिस्टुला म्हणून ओळखली जाते. पहिल्या आठवड्यात त्या शिरेवर बोट ठेवले तर ती मऊ लागायची, जरा दाबली की सपाट व्हायची. फक्त आत एक बारीक थरथर जाणवायची. डॉक्टर म्हणाले, अजून पिकायला वेळ आहे. आम्ही रोज संध्याकाळी तिच्यावर बोट ठेवून पाहत होतो. थरथर वाढत गेली, शीर रुंद होत गेली, कोपराकडे दोरीसारखी उठून दिसू लागली. सहाव्या आठवड्यात मी ती बोटाने दाबली आणि सोडली, तेव्हा ती क्षणात पुन्हा गोल झाली.